आधी राब, मग लावणी

(संघाच्या वार्षिक संमेलनाच्या प्रसंगी बोईसर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हे. आमची उमेदीची सारी वर्षे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर संघाच्या ॲप समितीचे काम गळ्यात पडले आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांकडून आम्ही नवी विद्या शिकू लागलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, ठेचा खाऊन आलेले शहाणपण एवढ्याच भावनेने आपण हे बोलणे गोड मानून घ्यावे.

आज सभेपुढे ठराव आहे तो संघाच्या नव्या मोबाईल ॲपचा. तरुण मंडळींनी मोठ्या उत्साहाने या ॲपात काय काय असावे याची यादी सिद्ध केली आहे. सभासदांची नामावली, वधूवर परिचय, नोकरीच्या जागा, विद्यार्थी साहाय्य, व्यवसायांच्या जाहिराती, पंचांग, संमेलनांची छायाचित्रे, रक्तदात्यांची सूची, वर्गणी भरण्याची सोय, अशी ती यादी दोन पाने भरली आहे. त्या यादीस विरोध करण्यासाठी आम्ही उभे नाही. तीत वाईट असे एकही कलम नाही. परंतु कोणते कलम प्रथम, किती लहान आणि कोणत्या कसोटीवर, हे ठरविल्यावाचून कामास हात घालू नये, एवढीच आमची विनंती आहे.

मागील अनुभव

आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल की काही वर्षांपूर्वी संघाने असेच एक ॲप करविले होते. त्याच्या समितीतही आम्ही होतो, म्हणून त्याविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे आणि त्याहून अधिक, कबुली देण्याचे कर्तव्य आहे. त्या वेळीही अशीच यादी झाली. प्रत्येक शाखेने आपले एक कलम घातले. कोणास नाही म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून वर्षानुवर्षे साठविलेला पैसा त्या कामी लागला. ॲप बनविणाऱ्या मंडळींनी आम्ही मागितले ते सारे दिले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. संमेलनात नारळ फुटला, टाळ्या झाल्या, सर्वांनी त्याच मांडवात बसून ॲप आपापल्या फोनवर उतरवून घेतले आणि दिवाळी येईपर्यंत ते उघडणारा माणूस शोधून सापडेना. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू आमच्याचसाठी करून ठेवली होती.

एवढ्यावर भागले असते तर पैसा गेला, अनुभव आला, असे म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. परंतु त्यानंतरच्या पावसाळ्यात एक रात्र अशी आली की ती विसरू म्हटल्याने विसरत नाही.

आमच्या शेजारच्या घरातील सून बाळंतपणासाठी रुग्णालयात होती. रक्तगट ओ निगेटिव्ह. आपल्या देशात शंभर माणसांमागे अवघे पाचेक लोक निगेटिव्ह गटाचे असतात, आणि त्यांतही ओ गटाचे थोडे. रक्तस्राव वाढला. रक्तपेढीत त्या गटाची पुरेशी पिशवी नाही, दात्याची व्यवस्था करा, असे सांगण्यात आले. मुलाच्या वडिलांनी मोठ्या आशेने आम्हांस विचारले, "काका, आपल्या ॲपात रक्तदात्यांची यादी आहे ना?" यादी होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही रुग्णालयाच्या पायरीवर उभे राहून ॲप उघडत होतो. प्रथम त्याने विसरलेला परवलीचा शब्द मागितला. तो मिळविण्यात वेळ गेला. मग यादी उघडली. पहिला क्रमांक बंद. दुसरे गृहस्थ परदेशी स्थायिक झालेले. तिसऱ्या क्रमांकावर एका भगिनीने फोन उचलला आणि शांतपणे सांगितले की, ज्यांना आपण विचारता ते मागील वर्षी वारले.

यापुढे आम्ही फोन लावला नाही.

त्या रात्री रक्त मिळाले ते एका रिक्षावाल्याच्या ओळखीने. वसाहतीत भाड्याच्या खोलीवर राहणारा, दूरच्या प्रांतातून पोटासाठी आलेला एक तरुण कामगार पहाटे रक्तपेढीत येऊन बसला. त्याची जात कोणी विचारली नाही, त्यानेही आमची विचारली नाही. माय-लेकरू सुखरूप घरी आले. परंतु त्या मृत बंधूंच्या पत्नीस आम्ही मध्यरात्री जी आठवण करून दिली, तिचे ओझे आमच्या मनावरून आजवर उतरलेले नाही. मित्रहो, ॲप फसले म्हणजे केवळ पैसा बुडतो असे नव्हे. ज्यावर विसंबावे ते ऐन वेळी रिकामे निघते, आणि मग माणूस पुन्हा विसंबत नाही.

किमान चालता नमुना म्हणजे काय

या व्यवसायातील जाणते लोक ज्यास मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट किंवा थोडक्यात एमव्हीपी म्हणतात, त्यास आम्ही आपल्या बोलीत 'किमान चालता नमुना' म्हणू. हा शब्दप्रयोग 2001 मध्ये फ्रँक रॉबिन्सन यांनी रूढ केला आणि एरिक रीस यांच्या 2011 मधील 'द लीन स्टार्टअप' या ग्रंथाने तो जगभर पोहोचविला. त्याचा अर्थ पुष्कळांना अर्धवट वस्तू असा वाटतो. तो अर्थ चुकीचा आहे. अर्धे बांधलेले घर राहण्याच्या उपयोगाचे नसते. एक खोलीचे पुरे घर असते. लोकांच्या एका खऱ्या गरजेला पुरे पडेल, आणि आपण मनाशी धरलेली गोष्ट खरी की खोटी हे कमीत कमी खर्चात दाखवून देईल, असे लहानात लहान पण पूर्ण काम, म्हणजे हा नमुना.

यात नवे ते नाव. रीत आपल्या घरची आहे. आपल्यातील भातशेती करणाऱ्या बंधूंना आम्ही काय सांगावे? पावसाच्या आधी राब भाजतात, पहिल्या सरीवर त्यात बी पेरतात आणि एकरभर शेतासाठी चारेक गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. रोप जोमाने उगवले तरच लावणी. बी किडके निघाले तर हानी चार गुंठ्यांची होते, वर्षाची होत नाही. वाड्याच्या कोलमाची कीर्ती दूरवर गेली, तिलाही आरंभ या चार गुंठ्यांचाच.

आमच्या कारखान्यातही हीच शिस्त होती. नवी प्रक्रिया प्रथम काचेच्या चंबूत, मग लहानशा पायलट प्लांटमध्ये आणि त्यानंतरच मोठ्या रिॲक्टरमध्ये. नव्याने भरती झालेले इंजिनियर कधी कधी विचारीत की, चंबूत जमले आहे, मग मधली पायरी कशाला? त्यांना आम्ही हिशेब घालीत असू. भांडे उंची, रुंदी आणि खोली अशा तिन्ही बाजूंनी दहापट केले तर आतील माल हजारपट होतो, परंतु उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. चंबूत जी उष्णता आपोआप निघून जाते ती मोठ्या भांड्यात कोंडते आणि अपघात होतो. लहानात न दिसणारे दोष मोठ्यात दिसतात, म्हणून मधल्या आकारात ते मुद्दाम शोधावयाचे असतात. पायलट प्लांट माल विकण्यासाठी नसतो, तो आपले अज्ञान उघडे पाडण्यासाठी असतो.

आणि ज्या तारापूरच्या नावाने आपला हा भाग देशास ठाऊक झाला, तेथील उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. तुर्भ्याची 'अप्सरा' ही लहानशी संशोधन अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. तिने कोणाच्या घरी दिवा लावला नाही. तिने माणसे तयार केली. तारापूरची पहिली दोन वीज एकके परदेशी साहाय्याने उभारली गेली आणि 1969 मध्ये चालू झाली, तोवर ती समजून घेऊन चालविणारे हात आपल्या देशात होते. पुढे 2005 आणि 2006 मध्ये तारापूरलाच 540 मेगावॉटची दोन स्वदेशी एकके आली, तीही आधीच्या 220 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांचा अनुभव गाठीशी बांधून.

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे

आता प्रत्यक्ष ॲपांकडे येऊ. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद पूर्वी तलाठ्याने करावयाची असे. शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे आणि नोंद करावी, अशी 'ई-पीक पाहणी'ची कल्पना निघाली. ती एकदम राज्यभर लादली गेली नाही. प्रथम काही निवडक तालुक्यांत तिचा प्रयोग झाला आणि त्यांत आपल्या पालघर जिल्ह्याचाही समावेश होता. त्यानंतर 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली. तरीही अडचणी निघाल्याच. शेतकऱ्याकडून चुकून दुसरे पीक नोंदले गेले तर दुरुस्ती कशी करावी? छायाचित्र भलत्याच जागी काढले तर ओळखावे कसे? एका शेतात मिश्र पिके असली तर? या प्रश्नांची उत्तरे घेऊन 1 ऑगस्ट 2022 रोजी दुसरी आवृत्ती आली. तीत नोंद केल्यापासून 48 तासांत दुरुस्ती करण्याची मुभा मिळाली, आणि छायाचित्र शेतापासून दूर काढले जात असेल तर तशी सूचना मिळू लागली. यातील बोध असा की, शेतकऱ्याचे बोट चुकेल ही गोष्ट कार्यालयात बसून जेवढी कळते त्याहून अधिक ती बांधावर कळते.

दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या प्रवासाचे. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल 2013 मध्ये. 2014 च्या अखेरीस रेल्वेने मोबाईलवर अनारक्षित तिकीट काढण्याचे ॲप मुंबईत आणले. आरंभी त्याची योजना अशी की, पैसे फोनवर भरावयाचे आणि तिकीट मात्र स्थानकावरील यंत्रातून छापून घ्यावयाचे. पुष्कळांनी नाके मुरडली. रांग टळली कुठे, असे म्हटले. परंतु पैसे भरण्याची आणि हिशेबाची बाजू त्यातून पारखली गेली. 2015 मध्ये पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर कागदाविना तिकीट आले. तेव्हा तिकीट तपासनीस दिसताच गाडीत बसल्या बसल्या तिकीट काढणारे महाभाग निघणार हे ओळखून, रुळांच्या अगदी जवळ असताना तिकीट निघू नये अशी अट फोनच्या स्थाननोंदीवरून घातली गेली. एक पायरी पक्की झाली, मग दुसरी.

परदेशातील एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. केनियात 2005 मध्ये मोबाईलवरून लहान कर्जांचे हप्ते फेडता यावेत यासाठी एक मर्यादित प्रयोग झाला. चालकांच्या असे ध्यानात आले की, लोक हप्त्यांपेक्षा एकमेकांना पैसे पाठविण्यासाठीच त्या सोयीचा वापर करीत आहेत. शहरात राबणारा मुलगा गावच्या आईला पैसे पाठवीत होता. चालकांनी आपला हट्ट सोडला आणि मार्च 2007 मध्ये पैसे पाठविण्याची सेवा म्हणूनच 'एम-पेसा' सुरू केली. ती त्या देशाच्या अर्थव्यवहाराचा भाग होऊन बसली. लहान प्रयोगाचा हा सर्वांत मोठा लाभ होय: आपण ज्यासाठी निघालो ते चुकीचे होते, हे वेळेवर कळते.

आमची योजना

तेव्हा नव्या ॲपाची योजना कशी आखावी? समितीने जो क्रम ठरविला तो आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, दुःख एका वाक्यात लिहावे. कोणाचे, केव्हा आणि कोठे, हे त्या वाक्यात आले पाहिजे. यादीतील प्रत्येक कलमास आम्ही हा नियम लावला. "संमेलनांची छायाचित्रे पाहता येत नाहीत" हे दुःख नव्हे, ती हौस आहे. हौसेने पुढे यावे. "पालघर-बोईसर भागातील कुटुंबास दुर्मिळ गटाचे रक्त लागले तर खात्रीचा दाता वेळेत सापडत नाही" हे दुःख आहे. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पहिला नमुना रक्तदात्यांचा, आणि केवळ रक्तदात्यांचा.

दुसरी गोष्ट, जे आधीच उपलब्ध आहे ते पुन्हा करू नये. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा साठा आहे, हे दाखविणारे ई-रक्तकोष नावाचे शासकीय संकेतस्थळ 2016 पासून आहे. ते काम आपण करावयाचे नाही. रक्त तपासणे, साठविणे, देणे हे परवानाधारक रक्तपेढीचेच काम आणि ते तेथेच राहिले पाहिजे. आपल्याकडे ई-रक्तकोषाजवळ नसलेली एकच वस्तू आहे: परस्परांची ओळख. आपला नमुना त्या ओळखीवर उभा राहील.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आपण काय गृहीत धरून चाललो आहोत ते कागदावर उतरवावे आणि त्यातील सर्वांत कच्चे गृहीत प्रथम पारखावे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, परंतु शीत पातेल्याच्या तळचे घ्यावयाचे की वरचे, हे सुगरणीस कळते. आमचे मागील ॲप यादी उत्तम दाखवीत होते. यादी दाखविणे यात अवघड काहीच नाही. अवघड हे की, यादी ताजी राहील काय? दाता तीन महिन्यांनी पुन्हा आपली खबर देईल काय? रात्री फोन उचलेल काय? ही गृहीते खोटी ठरली तर जगातील सर्वोत्तम कारागिराने बनविलेले ॲपही त्या रात्रीसारखेच रिकामे निघेल.

आणि गंमत अशी की, ही परीक्षा घेण्यास ॲप लागतच नाही. चौथी गोष्ट ती हीच: प्रथम हाताने करून पाहावे. महिला शाखेतील भगिनींनी एका वहीत बोईसर व पालघर येथील दात्यांची नोंद करण्यास प्रारंभ केला आहे. नाव, गट, राहण्याचा भाग, मागील रक्तदानाची तारीख. आपल्या देशातील नियमांप्रमाणे दोन रक्तदानांत पुरुषांनी 90 दिवसांचे आणि स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर राखावयाचे असते. वय किमान 18, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम तरी हवे. म्हणजे तारखेचा रकाना हा शोभेचा नसून नोंदवहीचा कणा आहे.

वहीचे काम सुरू होताच एक गोष्ट अशी कळली की, जी आम्ही मांडवात बसून शंभर वर्षे विचार केला असता तरी कळली नसती. रक्तपेढीतील डॉक्टरांनी आमच्या भगिनींना समजावून सांगितले की, दात्याचे रक्त काढल्याबरोबर रुग्णास देता येत नाही. कावीळ, एचआयव्ही, गुप्तरोग, हिवताप इत्यादींच्या तपासण्या व्हाव्या लागतात आणि त्यात कित्येक तास जातात. मध्यरात्री धावाधाव करण्यापेक्षा गरज आधी कळली तर पुष्कळ बरे. आणि बाळंतपणाची तारीख तर कित्येक महिने आधी ठाऊक असते! ज्या भगिनीचा गट निगेटिव्ह आहे तिच्या घरच्यांनी सातव्या महिन्यातच कळवावे, म्हणजे जवळच्या दोन दात्यांना सांगून ठेवता येईल आणि रक्तपेढीशी बोलून ठेवता येईल. आम्ही धावपळीचे ॲप करावयास निघालो होतो. वहीने सांगितले की, आगाऊ सूचनेचे ॲप करा. तीस रुपयांच्या वहीने दिलेला हा सल्ला मागील ॲपच्या साऱ्या खर्चाहून मोलाचा आहे.

पाचवी गोष्ट, चाळणी. ॲप करावयाची वेळ आली की प्रत्येक कलमास एकच प्रश्न विचारावा: "हे नसेल तर त्या रात्री काम अडेल काय?" अडत नसेल ते बाजूस ठेवावे, फेकू नये, पुढच्या वर्षीच्या कागदावर लिहावे. या चाळणीतून आमच्या नमुन्यात तीनच पाने उरली. पहिल्यावर दाता आपली नोंद करील आणि दर तीन महिन्यांनी एका बोटाने "मी येथेच आहे" असे कळवील. न कळविल्यास त्याचे नाव आपोआप यादीतून मागे पडेल. दुसऱ्यावर गरजू कुटुंब आपली मागणी लिहील. तिसरे पान केवळ दोन समन्वयकांना दिसेल. परवलीचा शब्द नको. फोनवर येणाऱ्या अंकांनी काम भागेल. जव्हार, मोखाड्याकडे जिथे नेटवर्क रुसते, तिथे साधा फोन करण्यासाठी एक क्रमांक असेलच.

सहावी गोष्ट, मर्यादा. क्षेत्र पालघर आणि बोईसर एवढेच. दाते पन्नास. मुदत सहा महिने. खर्च कार्यकारी मंडळ ठरवील त्याच्या बाहेर एक रुपयाही नाही. वसई, डहाणू येथील बंधूंनी रागावू नये. राब एकाच कोपऱ्यात भाजला जातो, रोप सर्वांच्या शेतात जाते.

सातवी गोष्ट, यशाची कसोटी आधी लिहून ठेवावी. कामानंतर कसोटी शोधू लागलो तर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढल्यासारखे होते. ॲप किती जणांनी उतरवून घेतले, ही आमची कसोटी नाही. मागील वेळी साऱ्या मांडवाने ते उतरवून घेतले होते. आमच्या कसोट्या दोन. पन्नासांपैकी चाळीस दात्यांनी दोन वेळा आपणहून खबर दिली पाहिजे. आणि समन्वयकाने केलेल्या दर तीन फोनांपैकी दोन तरी लागून उत्तर मिळाले पाहिजे. हे साधले तर पुढे पाऊल टाकू. थोडे कमी पडले तर रीत बदलून पुन्हा पाहू. मुळीच साधले नाही तर पुढील संमेलनात याच जागी उभे राहून आम्ही सांगू की, ॲप करू नये, वहीच बरी. असे सांगावे लागले तर त्यास पराभव मानू नये. मोठा खर्च वाचल्याचा तो आनंद समजावा.

विश्वासाचा प्रश्न

एक गोष्ट नाजूक आहे, परंतु ती बोललीच पाहिजे. आपल्या घरातील लेकीसुनांची नावे, फोन क्रमांक, प्रकृतीची माहिती आपण कोणाच्या हाती देत आहोत? पूर्वी आपल्या परिचय पुस्तिका घरातल्या कपाटात राहत. फोनातील यादी क्षणात दहा गावे फिरते. 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी, आणि ज्याची माहिती त्याच्या संमतीने ती वापरावी, हे त्याचे सार आहे. कायदा नसता तरी हे आपल्या घरंदाजपणास धरूनच आहे. यास्तव आमच्या नमुन्यात दात्याचा क्रमांक कोणासही दिसणार नाही. समन्वयक दात्याशी बोलेल, दाता हो म्हणेल, मगच पुढचे. वधूवरांची माहिती यात मिसळली जाणार नाही. नाव काढून टाका म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी निघेल. आणि ज्या घरात मृत्यू झाला त्या घराचा क्रमांक पुन्हा कधी लावला जाणार नाही, याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून राहील. हे कलम चाळणीतून गळणार नाही. ते आम्ही स्वतः लिहिले आहे.

रक्ताचा पैसा घेणे-देणे आपल्या देशात निषिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 मधील निकालानंतर 1998 पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. तेव्हा कोणी कृतज्ञतेनेही दात्याच्या हाती पाकीट ठेवू नये.

कोणी विचारील, हे ॲप संघाचे, मग रक्त इतरांना द्यावयाचे काय? आरंभ आपल्या कुटुंबांपासून, कारण ज्याला हक्काने दार ठोठावता येईल अशी आपली ओळख येथेच आहे. परंतु मागणीच्या पानावर जातीचा रकाना नाही आणि असणार नाही. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे यांनी जो अतिदुर्मिळ रक्तगट शोधून काढला त्यास जगात 'बॉम्बे गट' म्हणतात. त्या गटाच्या माणसास त्याच गटाच्या माणसाचे रक्त चालते, मग तो कोणत्याही ज्ञातीचा, धर्माचा असो. आणि त्या पावसाळी रात्री आपल्या घरची सून ज्याच्या रक्ताने वाचली त्याचे नाव आपल्या कोणत्याही नामावलीत नव्हते. त्याचे देणे फेडावयाचे तर ते दुसऱ्या कोणाला तरी देऊनच फिटेल.

शेवटची विनंती

बंधुभगिनींनो, ठरावावर मत देताना तीन गोष्टी द्याव्यात, एवढे आमचे मागणे आहे. मांडवाच्या दाराशी महिला शाखेची वही ठेवली आहे. जे पालघर-बोईसर भागात राहतात आणि ज्यांची प्रकृती साथ देते, त्यांनी आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. दुसरे, रात्री-अपरात्री फोन घेण्यास तयार असे दोन समन्वयक पुढे यावेत. एक भाऊ आणि एक बहीण असतील तर उत्तम. तिसरे, ज्यांची कलमे या वर्षी मागे राहिली त्यांनी सहा महिने धीर धरावा. तरुण मंडळींची ती दोन पाने आम्ही जपून ठेवली आहेत.

मोठे बांधण्याची ताकद आपल्या समाजात आहे. वसतिगृहे, शाळा, सहकारी संस्था बांधणाऱ्या पिढीचे आपण वारस आहोत. त्या पिढीनेही आरंभ केला तो एखाद्या ओसरीवर, चार मुलांची सोय करूनच. त्यांना एमव्हीपी हा शब्द ठाऊक नव्हता. चार मुले टिकली तरच इमारतीचा विचार करावा, एवढे मात्र त्यांना नक्की ठाऊक होते.

त्या रात्री जन्मलेली मुलगी आता चालू लागली आहे. आज ती आपल्या आईबरोबर या मांडवातच कोठेतरी बागडत असेल. तिच्या आईने वहीत आपले नाव घालण्यास सांगितले. डॉक्टर म्हणतील तेव्हाच रक्त द्यावयाचे, अशी समजूत घालून आम्ही ते लिहून घेतले. वहीतील पहिले नाव तिचे आहे.